कणीबी वाढली, भातबी

जिजेच्या झिंज्या भर भातगिरणीत उपटायच्या, असं ठरवूनच मी त्या दिवशी नेरळला गेले. का नाय जाणार? संसार माझा होता!

एकेक धरलं तर काय नव्हतं. आमचे धनी ताटातली मासळी तशीच सोडायला लागले. म्हटलं, तोंडाला चव नसंल. बाजारात माझ्या अंगावरनं गेले नि ओळख दावली नाय. म्हटलं, घाईत असतील. पण सांजचं गिरणीतनं येताना बांधावर पुढं जिजा नि मागं हे! म्हणजे माझ्या हातचं नको, माझं तोंड नको, नि तिची पाठ तेवढी पायजे? तिन्ही एकदम झाल्यावर बाईमाणसाला येगळं सांगावं लागत नाय.

जिजा आमच्या पोशीरचीच. नवरा मेलेला, दोन बुकं शिकलेली. लढाईत रेशन आलं, तांदळाच्या तक्रारी झाल्या, तवा मुंबईच्या साहेबानं गिरणीत फळा टांगला. तासातासाला ताटभर तांदूळ घ्यायचा. तुटकी कणी, तूस न निघालेलं भात नि खडे, तिन्ही मोजून फळ्यावर तीन टिंबं मारायची. टिंब वरच्या रेघेपल्याड गेलं की यंत्र बंद. मोजायला जिजा, यंत्रावर आमचे धनी. जोडीच लावून दिली मेल्यानं!

मी पोचले तर यंत्र बंद. एकबी टिंब रेघेपल्याड नव्हतं, आणि ही दोघं फळ्याआड कुजबुजतायत!

"सटवे, बोलायला यंत्र बंद करतेस व्हय गं?"

जिजेनं माझा दंड धरला नि मला तुसाच्या ढिगाआड ओढलं. "वयनी, ओरडू नका. दादांची भाकर जाईल."

"म्हंजे काय?"

"यंत्राची पट्टी आवळली की कणी वाढते, भात कमी होतं. सैल केली की उलटं. आज दोन्ही एकदम वाढलंय. रेघेच्या आत हाय, पर एकदम. माल खराब म्हणावा, तर खडे होते तेवढेच. मंग राहिलं काय? पट्टी फिरवणारा हात. कधी लई आवळतो, कधी लई सोडतो. दादा तळव्यावर तांदूळ घेऊन बघतात, पर त्यांना दिसत नाय, वयनी."

"काय दिसत नाय?"

"मोतीबिंदू हाय. तुमाला म्हाईत नाय? पट्टी मी लावून देते, तवर तुमी डाक्टराचं बघा."

मासळीतले काटे. बाजार. बांध. अगं बाई! मी धरलेलं तिन्ही खरं होतं, हिशेब तेवढा चुकला होता.

खरी जळले ती तवा. हिनं तांदळात बघून माझा नवरा ओळखला, नि मी त्याच्या ताटापुढं बसून आंधळी!

सांजचं जिजेला सडकेनं धाडली. बांधावर पुढं मी चालले, तोंड न उघडता.

मागनं हे म्हणाले, "जिजे, आज लई हळू चालतेस गं."

मी पाय उचलला.

"आमच्या हिला सांगितलं नायस ना? तोंडाची तिखट हाय, पर माझ्यापायी रडत बसंल."

"नाय सांगितलं," मी म्हणाले.

मागची पावलं थांबली. मी हात मागं केला.

"धरा. ह्यापुढं पाठ बघायची ती माझी."