दोन मजल्यांचा जिराफ

मी एक जुना कापडी जिराफ आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. पण कापडात हे वय बरेच होते. माझा डावा कान गळून पडला आहे आणि पोटातला कापूस एका बाजूला सरकल्यामुळे मी नेहमी तिरका उभा असतो. कोणाचे तरी बोलणे चोरून ऐकतो आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे म्हणजे ऐकतोच. मला दुसरे काम नाही.

मित्रांनो, जगात आधी वाघ होतो आणि मग वाघाचे खेळणे होते. माझे उलटे झाले. ज्या व्हिडिओ गेममधला मी, तो गेम अजून तयार झालेला नाही आणि आता होणारही नाही. नातवाचे बारसे झाले, आजोबा जन्मायचे राहिले, अशातला हा प्रकार आहे.

मी एका मुलीला सुचलो. तिला घरात सगळे बटण म्हणत, कारण लहानपणी दिसेल ते बटण ती दाबून बघायची. मोठेपणी तिने त्यालाच पोटापाण्याचा उद्योग करायचे ठरवले. तिच्या गेममध्ये बारा मजल्यांची एक इमारत होती आणि तिथल्या लिफ्टवर एक जिराफ नोकरीला होता. लिफ्टचे छत ठेंगणे. मान कुठे ठेवायची ही जिराफाची अडचण, आणि त्यातच लोकांना आपापल्या मजल्यावर सोडायचे. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी त्याला सांगे की बाबा रे, ही नोकरी सोड. तो सोडत नसे. एवढाच गेम. ऐकून लोक आधी हसत आणि मग जरा वेळ गप्प बसत. बटण म्हणे, मला ती दुसरी गोष्ट हवी आहे.

गेम करायला पैसे लागतात. ते घरात नव्हते. म्हणून तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, इंटरनेटवर वर्गणी काढायचे ठरवले. गेम तयार होण्याआधीच लोकांनी थोडे थोडे पैसे द्यायचे, वर्षभर वाट बघायची आणि मग गेम घ्यायचा, असा तो सौदा. दुकानदाराने रिकामे फडताळ दाखवून पैसे मागावेत तसा; पण लोक देतात. माणसे चांगली असतात, हा या व्यवसायातला सर्वांत मोठा धोका आहे.

जास्त वर्गणी देणाऱ्याला काहीतरी भेट द्यावी लागते. भेट म्हणून माझी निवड झाली आणि एका शिंपीणबाईंनी मला नमुना म्हणून शिवले. माझी मान तेव्हा मऊ होती आणि सारखी लवंडत होती. बटणला ते पटेना.

"मान पडली की जिराफ संपला, मावशी. हा बघा, आजारी घोडा दिसतोय."

"मग तार घालावी लागेल गं आतून."

"घाला."

"घातली की दुमडणार नाही हं. आत्ताच सांगते."

"दुमडायची कशाला? जिराफ आहे, छत्री नाही."

माझ्या मानेत जाड तार गेली. मी ताठ झालो. मला फार अभिमान वाटला. त्या तारेने पुढे काय केले हे माहीत असते तर मी त्याच दिवशी शिवणीशिवणीतून उसवलो असतो.

दादाचा स्वभाव उदार. उदार माणूस आधी बोलतो आणि मग किंमत विचारतो. त्याने जाहीर करून टाकले, जिराफ घरपोच, टपालखर्च आमचा. टपालाचा हिशोब त्याने माझ्यावरूनच केला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मला ठेवले. मी तीन केळ्यांइतका भरलो. तीन केळ्यांच्या पाकिटाला जे टपाल पडते ते त्याने हजाराने गुणले आणि समाधानाने ती केळी खाल्ली.

वर्गणी मागितली होती त्याच्या दुप्पट जमली. बहीणभावांची आई झेरॉक्सचे दुकान चालवत असे आणि दुकानामागची खोली हेच गेमचे ऑफिस होते. पैसे दुकानाच्याच खात्यात आले. आई त्या दिवशी गिऱ्हाईक सोडून मागे आली.

"हे पैसे वेगळे ठेव रे. लोकांचे आहेत."

"डोक्यात वेगळेच आहेत गं, आई."

"तुझ्या डोक्यात काय काय ठेवलंय ते मला माहितीये. बँकेत ठेव."

दादाने मान डोलावली आणि ठेवले नाहीत. मग त्याच खात्यातून दुकानाचे भाडे गेले, यंत्राची शाई आली, चाकांच्या दोन खुर्च्या आल्या आणि हजार जिराफांची शिलाईही गेली. चोरी कोणीच केली नाही. तेच तर वाईट आहे. चोर असता तर पकडता आला असता.

वर्गणीदारांत एक निवृत्त लिफ्टमन होते. त्यांनी सर्वांत मोठी रक्कम दिली होती. त्या बदल्यात गेममधल्या लिफ्टला त्यांचा आवाज मिळणार होता. आवाज द्यायला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"बटणांच्या लिफ्टा आल्या आणि आमचं काम गेलं," ते माइकसमोर उभे राहत म्हणाले. "तुमचं नाव काय म्हणालात, ताई?"

ती जरा खोकली. "बटण म्हणतात मला."

लिफ्टमनकाकांनी थोडा विचार केला. "असू दे. तुमचा काय दोष."

त्यांना खुर्ची दिली तर ते बसले नाहीत. बसून मजला सांगायची त्यांना सवय नव्हती. पहिला मजला, दुसरा मजला, असे करत ते वर चढले. सातव्याला त्यांनी आवाज खाली आणला. बटणने विचारले तर म्हणाले, "सातव्यावर दवाखाना असायचा. तिथे ओरडायचं नाही." निघताना त्यांनी विचारले, "गेम बघायला कधी मिळेल? तशी घाई नाही. डॉक्टर म्हणतात, डोळे वर्षभर तरी साथ देतील. पुढचं त्यांना सांगवत नाही."

"वर्षात करते, काका. शब्द देते."

मित्रांनो, शब्द देताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पाहिला आहे. खोटे बोलणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. म्हणूनच मला त्या दिवसाची जास्त भीती वाटते.

मग माझे हजार भाऊ शिवून आले. खोली भरली, दुकान भरले, झेरॉक्सच्या यंत्रावरही एक कळप चरू लागला. गिऱ्हाईक विचारी, "हे काय?" आई सांगे, "मुलांचं शिक्षण." दादा आम्हांतल्या काहींना घेऊन टपालकचेरीत गेला. मीही पिशवीत होतो.

खिडकीवरच्या बाईंनी मला मोजपट्टीवर आडवे केले.

"मोठं पार्सल."

"मोठं कसं? तीनच केळ्यांचं वजन आहे हो."

"वजन नाही, लांबी. मान दुमडा."

"दुमडत नाही. तार आहे आत."

बाईंनी माझी मान वाकवून पाहिली. मी झटकन पुन्हा सरळ झालो. मागे रांगेत कोणीतरी हसले. "मग मोठंच पार्सल," बाई म्हणाल्या. "किती आहेत असे?"

दादाने आकडा सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवले आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने पूर्वी वाईट बातमीची तार आल्यावर माणसे एकमेकांकडे पाहत असतील. टपाल चौपट होत होते.

घरी येऊन दादाने बटणला सांगितले की थोडा फरक पडेल. तो फरक म्हणजे गेमच होता, हे सांगितले नाही. लोकांना "जादा पैसे पाठवा" किंवा "खेळणे मिळणार नाही" असे लिहिणे त्याला जिवावर आले. खेळण्याची तारीख जवळ होती, गेमची लांब होती. गेमचे पैसे टपालाला लावून जवळच्या देवाला त्याने लांबच्या देवाचा नैवेद्य दाखवला.

चित्रे काढणारा मित्र दोन मजले काढून थांबला, कारण त्याचे पैसे थांबले. तो भांडला नाही. फक्त आपला डबा घेऊन गेला आणि परत आला नाही. बटणला दादा म्हणाला, तो सुट्टीवर आहे. ती स्वतः तिसरा मजला काढायला बसली. तिला चित्रे येत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरची माणसे बटाट्यांसारखी दिसत आणि ती रोज त्यांना पुसून टाकी.

मी मात्र त्या वर्षी भलताच प्रसिद्ध झालो. लोक माझ्या भावांचे फोटो टाकत. खिडकीत जिराफ, उशीवर जिराफ, कुत्र्याच्या तोंडात जिराफ. "किती गोड आहे! गेमची वाट बघतोय." दादा दर महिन्याला माझाच फोटो काढून खाली लिही, "काम जोरात चालू आहे." कधी मी खुर्चीत बसून, कधी डोक्यावर टोपी घालून. काम मी एकटाच करत होतो, आणि ते बसण्याचे होते. काका त्याखाली विचारत, "कितवा मजला झाला?" दादा उत्तरात हसरा चेहरा पाठवी. बटण यातले काही पाहतच नसे; ती तिच्या बटाट्यांत बुडालेली. वर्ष सरले. काकांच्या प्रश्नांत आता अक्षरे इकडची तिकडे होऊ लागली आणि नंतर प्रश्नच येईनासे झाले.

शेवटी दुसरा चित्रकार ठेवावा म्हणून तिने भावाला विचारले.

"दादा, किती उरलेत?"

"कशात?"

"खात्यात."

"आपले की लोकांचे?"

"दादा."

"दोन्ही मिळून यंत्राची शाई येईल. एक बाटली." तो माझ्याकडे बघत बोलत होता. तिच्याकडे बघवत नसावे. "ऐक ना. दुसऱ्या गेमची वर्गणी काढू. त्यातून हा पुरा करू."

"आणि तो दुसरा कशातून?"

"तिसऱ्याच्या."

आई दाराशी उभी होती. तिच्या हातात कोणाच्या तरी दाखल्याच्या गरम प्रती होत्या. ती म्हणाली, "तिसरा काढलास तर या घराच्या दारातून तूच मोठं पार्सल होऊन जाशील," आणि प्रती द्यायला निघून गेली.

त्या संध्याकाळी बटणने वर्गणीदारांना सगळे लिहिले. बारापैकी दोन मजले झाले आहेत. पैसे संपले आहेत. ते जिराफांच्या टपालात गेले, दुकानात गेले. मानेत तार घालायला मी सांगितले होते. पैसे कुठे आहेत हे वर्षभर विचारले नाही, तेही मीच. दादाने वाचले आणि म्हणाला, "माझं नाव का नाही घातलंस?" तिने जागा करून दिली. त्याने स्वतः घातले.

लोकांनी काय काय लिहिले ते मी सांगत नाही. तुमचे वय लहान आहे. अनेकांनी माझे भाऊ परत पाठवले. गंमत म्हणजे त्यांनाही मोठ्या पार्सलचेच पैसे पडले. एकाने नुसती मान पाठवली. ती लहान पाकिटात मावली होती.

काकांचे काही उत्तर आले नाही. काही आठवड्यांनी ते स्वतःच आले. शर्ट इस्त्रीचा होता, पण गुंडी एक घर चुकलेली होती, आणि हातात काठी होती. दाराची चौकट त्यांनी बोटांनी शोधली.

"दोन झालेत म्हणे. दाखवा."

बटणने त्यांना संगणकासमोर बसवले. त्यांचाच आवाज बोलला, "पहिला मजला." दार उघडल्याचा आवाज झाला. काकांनी पडद्याला नाक लागेपर्यंत मान पुढे केली.

"पिवळं काहीतरी हलतंय."

"तो जिराफ, काका."

"बरं." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे दोन मजले कधी झाले होते?"

बटणने दादाकडे पाहिले. दादाच म्हणाला, "मागच्या वर्षी. तुम्ही आवाज देऊन गेलात, त्यानंतर दोन महिन्यांत."

काकांनी पडद्यापासून मान मागे घेतली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग तेव्हाच बोलवायचं ना, बाळांनो. तेव्हा मला दिसत होतं."

बटणने तोंडावर दोन्ही हात धरले. काकाच म्हणाले, "आता रडू नका. काय दिसतंय ते सांगा." मग ती सांगू लागली. भिंत हिरवी आहे, काका. कोपऱ्यात कुंडी आहे. एक बाई आत आली आहे, तिच्या हातात मासा आहे, ती जिराफाला नोकरी सोड म्हणते आहे. तिचा आवाज मध्येच तुटे आणि पुन्हा जुळे. काका हो, हो म्हणत होते.

आता बटण दुसरीकडे नोकरी करते आणि दादा दुकान सांभाळतो. दर महिन्याला ती थोड्या थोड्या लोकांचे पैसे परत करते. यादीत पहिले नाव काकांचे होते. मला वाटले होते, ते नको म्हणतील. गोष्टींतली म्हातारी माणसे नको म्हणतात. यांनी घेतले, बोटांनी चाचपून मोजले आणि खिशात ठेवले. मला ते आवडले.

मित्रांनो, खेळणी जपा, असे मी सांगणार नाही. आम्ही जपले जातो. इथे गेमपेक्षा आम्हीच जपले गेलो, तेच या घराचे दुःख आहे. माझे मागणे वेगळे आहे. कोणी विश्वासाने काही दिले तर ते आपल्या डब्यात मिसळू नका, त्याला वेगळा डबा करा. आणि ठरलेले काम अर्धेच झाले असेल तर ते अर्धेच नेऊन दाखवा. लाज वाटेल. वाटू दे. तुमचे काम पुरे होईपर्यंत समोरच्याचे डोळे थांबतीलच, असे नाही.