पहिल्या वेच्याचा कापूस आणि समुद्राचं पाणी

देवळीच्या बाबारावांनी चिमटीत कापूस धरला की डोळे न उघडता ते शेत सांगत. नुसतं शेत नाही, वेचणारी बाई त्या दिवशी नवऱ्याशी भांडून आली होती की हसत, हेही सांगत. तीस वर्षं कापसाची दलाली केलेला माणूस. संध्याकाळी अर्धं गाव त्यांच्या ओट्यावर जमे, पानाचा डबा फिरे, आणि बाबारावांना वाटे, सूर्य मावळतो तो आपली बैठक भरावी म्हणूनच.

सत्तावन्न साली रेल्वेचे गार्ड सदाशिवराव पेन्शन घेऊन गावी परतले, आणि ओटा ओस पडला.

गार्डसाहेबांनी मुंबईहून समुद्रच आणला होता. काचेची टाकी, चिनी मातीच्या अकरा बरण्या भरून खारं पाणी, पोवळ्याचे जिवंत दगड आणि पांढऱ्या पट्ट्यांची एक नारिंगी मासोळी. ते पट्टे मोजायला थेट गिरडाहून बैलबंड्या आल्या. एका म्हातारीनं टाकीला कान लावला तर तिचा तीन वर्षं बंद पडलेला कान लाटांच्या आवाजानं मोकळा झाला, असं नत्थूजी शिंपी शपथेवर सांगत.

बाबारावांनी ते सगळं सोसलं असतं. पण एका संध्याकाळी चहाला हाक मारली तर घरात कोणी नव्हतं. बायको कोकिळाबाई दिवेलागणीला आल्या.

"कोठी गेलती?"

"मासोळी पाहाले."

"काल पाह्यली नाई का?"

"काल ते झोपेत होती. आज तोंड उघडझाक करून राह्यली होती. तुमच्यावानीच, पण आवाज नाई."

त्या रात्री बाबाराव जेवले नाहीत. सकाळी मुंबईच्या जावयाला पत्र गेलं. टाकी गार्डापेक्षा हातभर लांब, पाण्याच्या चौदा बरण्या, मासोळीला एक पट्टा जास्त मिळाला तर पाहावा.

माल आला. आता प्रश्न होता तो पाणी गाळायच्या सामानाचा. खारं पाणी भारी नाजूक. मासोळीची घाण गाळली नाही, पाण्यात हवा सोडली नाही, तर चार दिवसांत सगळं नासतं. बाबाराव तंबाखू मागायच्या निमित्तानं गार्डाच्या घरी जाऊन सगळं नजरेत भरून आले. टाकीशेजारी तिवईवर तीन मडकी, एकाखाली एक. वरच्यात कापूस, मधल्यात कोळसा, खालच्यात रेती. गार्डसाहेब सकाळ-संध्याकाळ टाकीतलं पाणी मगानं वर ओतत, आणि ते गाळून, नळीनं परत टाकीत येई. हवेसाठी सायकलची ट्यूब फुगवून ठेवलेली, तिच्यातून बुडबुडे सुटत.

"पाणपोईचं सामान हाये ते," बाबाराव घरी येऊन म्हणाले. "अन् कापूस पाह्यला का त्याचा? पिवळा पडला. त्या कापसाची वात करून देवापुढं लावाले लाज वाटन."

त्यांनी जाम गावच्या सडकेवरून ट्रकची ट्यूब आणली. मडक्यांऐवजी रांजण निवडले. आणि कापूस? तिथं कोणाला विचारायची गरजच नव्हती. अंजीच्या काळ्या रानातला, पहिल्या वेच्याचा, दुधासारखा पांढरा कापूस त्यांनी स्वतः गासडी बांधल्यासारखा दाबून भरला.

रविवारी सगळं गाव बोलावलं. गार्डसाहेबही आले, इस्त्रीचा कोट घालून. बाबारावांनी पहिला मग ओतला. पाणी कापसावर गेलं आणि अळूच्या पानावर थांबावं तसं थांबलं.

"मुरून राह्यलं," बाबाराव म्हणाले.

दुसरा ओतला, दहावा ओतला. ज्या माणसानं कापूस ओला होऊ नये म्हणून तीस पावसाळे ताडपत्र्या ओढल्या, त्यानं जन्मात मुद्दाम कापसावर पाणी ओतलं नव्हतं. पाणी काठावरून उतरलं, ओट्यावरून अंगणात गेलं. बाबाराव मात्र मागे पाहीनात.

"मुरून राह्यलं, मुरून राह्यलं."

"हो, माह्या जोड्यात मुरलं," नत्थूजी म्हणाले.

कोकिळाबाईंनी त्यांचा हात धरला तेव्हा टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं, आणि मासोळी आडवी होऊन एका डोळ्यानं बाबारावांकडं पाहत होती.

"नव्या कापसाले अंगचं तेल राह्यते, बाबारावजी," गार्डसाहेब सावकाश म्हणाले. "त्यात पाणी जात नाई. माहा जुन्या गोधडीचा हाये, धुण्याच्या सोड्यात दोनदा उकळलेला. तुमची मासोळी माह्या टाकीत सोडा. दोघीही सुखानं राह्यतीन."

दोघीही. बाबारावांना उद्याचा गार्डाचा ओटा दिसला. दोन मासोळ्या, दुप्पट गाव, आणि त्यात आपण, आपलीच मासोळी पाहायला रांगेत. त्यांनी मग खाली ठेवला.

"गार्डसाहेब, मूठभर कापूस द्या," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "अन् दोन बरण्या पाणी."

तालुक्याचा कापूस ज्याच्या हातून गेला, त्यानं मूठभर कापूस मागितला. गार्डसाहेबांनी घरून सामान आणून दिलं. बाबारावांनी तो पिवळा पुंजका हातात घेतला, आणि बोटं जन्माची सवय कशी सोडणार, चिमटीत ओढून पाहिलाच.

"हलका माल हाये," ते म्हणाले, आणि आपला कापूस उपसून तो रांजणात भरला.

पाणी झिरपलं. मासोळी सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी बाबाराव लाजेनं आत बसले होते. संध्याकाळी बाहेर आले तर ओटा गच्च भरलेला. मासोळीकडं कोणाचं लक्ष नव्हतं. कोकिळाबाई मग हातात धरून 'मुरून राह्यलं'चं सोंग करून दाखवत होत्या, आणि नत्थूजींच्या तोंडी अंगणातलं पाणी एव्हाना वेशीपर्यंत पोचून त्यात दोन म्हशी पोहत होत्या.

फाटकाशी गार्डसाहेब एकटेच उभे होते. त्यांचा ओटा आज रिकामा असणार. ओठ मिटलेले, नाक किंचित वर, नजर गर्दीवरून पुन्हा पुन्हा फिरणारी. ते तोंड बाबारावांच्या चांगलं ओळखीचं होतं. दोन महिने दाढी करताना ते आरशात हेच पाहत आले होते.

"या गार्डसाहेब, काऊन उभे?" बाबारावांनी पानाचा डबा पुढं केला. "नत्थूजी, म्हशीपासून पुन्हा सांगा. गार्डसाहेबांचं ऐकाचं राह्यलं."