भूमीनाथाला हळद चालत नाही

गोवंडीच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी चपला काढायलाही जागा नव्हती. इथली खाडीकाठची चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराघराच्या भिंतींना तडे देते. भूमीनाथ महाराजांनी मंदिरापुढच्या त्याच राडीत विभूती कालवली, आणि आठवड्याभरात जमीन टणक झाली. लोक तिथे कपाळ आपटून आवाज ऐकत होते.

"मी भूमाता बांधतो, तशी मुक्याची जीभ सोडवतो," महाराज सांगत होते. "फक्त विभूतीला हळद लावू नका. शक्ती पळते."

देवाच्या दारात हळद चालत नाही, हे मी एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

शेजारची श्रुतिका आपल्या लेकीला घेऊन पुढे सरकली. दिशा तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. महाराजांनी ओल्या विभूतीची चिमूट उचलली आणि मला वास आला, लसणासारखा, कुबट. लहानपणी गावच्या जत्रेत दुकानांवर कार्बाइडचे दिवे जळत, त्यांचा वास. सकाळी त्यांतला पांढरा गाळ आई आणायची, दारच्या चिखलात कालवायची. वाट टणक व्हायची. त्यासाठी आईने कुणाला पाया पडायला लावलं नव्हतं. आणि हा माणूस तोच गाळ पोरीला चाटवायला निघाला होता. 

मी श्रुतिकाला मागे ओढलं. "थांब गं. आधी हळद लावू."

एका बाईच्या पूजेच्या ताटातली हळद मी विभूतीवर टाकली. ती लालभडक झाली आणि अख्खी गल्ली लोटांगणात. देवीचं रक्त निघालं म्हणे.

महाराजांनी डोळे मिटले. "कोपली. ह्या मावशीने विटाळ केला."

मी कमरेची पानाची चंची सोडली. डबीतला ओला चुना तळहातावर घेतला, वर हळद चोळली. तोच लाल रंग.

"अहो महाराज, माझ्या चंचीतही देवीच राहते का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग गॅसवेल्डिंगवाला सहदेव खाली मान घालून म्हणाला, "काकी, चुनाच आहे तो. कार्बाइडचा गाळ. महाराजांनी माझ्याच दुकानातून गोण्या नेल्या. बागेला पाहिजे म्हणाले होते."

श्रुतिकाने दिशाचं तोंड पदराने झाकलं. "काकी, जीभ भाजली असती ना हिची?"

"भाजली असती. उद्या डॉक्टरकडे ने, कान तपासून घे."

महाराज चपला न शोधताच निघाले.

गाळाचा काही दोष नाही. चुना चिकणमातीतलं पाणी ओढतो, तिचे कण बांधतो. माती तपासून, प्रमाण ठरवून असा टाकाऊ गाळ आणि पाडलेल्या घरांच्या विटांचा चुरा तिच्यात मिसळला, तर पायाखालची जमीन सुधारते. त्याला इंजिनिअर लागतो, महाराज नाही. कचरा जमिनीत घाला बाबांनो, लेकरांच्या तोंडात नको. आणि कोणी म्हणालं अमुक करून बघू नका, तर आधी तेच करून बघा.