चौथी आणि पाचवी नळी

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या संगणकावर दोन नमुने एकमेकांशी तंतोतंत जुळले. नळी क्रमांक चार आणि नळी क्रमांक पाच. नोंदवहीप्रमाणे त्या दोन सख्ख्या बहिणींच्या होत्या, वयात चार वर्षांचे अंतर. सख्ख्या बहिणींची जनुके साधारण निम्मी जुळतात. इथे एकही खूण वेगळी नव्हती. दोन्ही नळ्यांत एकाच बाईचे रक्त होते.

बहिणींचा मधला भाऊ दहा वर्षांपूर्वी हर्नियाच्या साध्या ऑपरेशनात टेबलावरच गेला होता. भुलीचा वायू सुरू होताच जबडा घट्ट मिटला, अंग ताठ झाले, ताप चाळीस मिनिटांत बेचाळीस अंश सेल्सिअसवर गेला. डॉक्टरबाई तेव्हा शिकाऊ म्हणून त्याच्या उशाशी उभ्या होत्या. पुढे त्यांनी याच विषयावर संशोधन सुरू केले. हा दोष पिढीजात असतो. एरवी माणूस ठणठणीत. ठरावीक वायू मिळाला की स्नायू आतून तापू लागतात. भावाच्या जपून ठेवलेल्या नमुन्यात दोष सापडला, म्हणजे भावंडांत तो असण्याची शक्यता निम्मी. वर्षभराने बहिणींचे रक्त आले. दोन्ही नमुने निर्दोष निघाले आणि डॉक्टरबाईंनी स्वतःच्या सहीने दोघींना ‘धोका आढळला नाही’ असे पत्र दिले. आज जुने नमुने नव्या यंत्रावर पुन्हा तपासले जात होते.

थोरल्या बहिणीचे शिवणाचे दुकान दहा मिनिटांच्या अंतरावर होते. ती परकराची शिवण उसवत बसली होती.

“तुमचं रक्त कोणी काढलं होतं?” डॉक्टरबाईंनी आत शिरताच विचारले.

“दादानं. लॅबवाला घरात असताना बाहेर कशाला जायचं?”

“किती नळ्या?”

“दोन. मी म्हटलं पण, अरे, विकायला काढलंस का? तर म्हणे, एक राखीव.”

“आणि धाकटीचं?”

कात्री थांबली. “तिचं नंतर काढलं असेल. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा. घरात हा विषयच काढू देत नव्हता दादा.” मग तिला एकदम आठवले. “पण तुमचं ते पत्र कामाला आलं बघा. टिटवीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना आज, तिरळेपणाचं. पत्र फाइलला लावलंय.”

टिटवी म्हणजे धाकटीची सात वर्षांची मुलगी. अखंड बडबड करते म्हणून हे नाव.

“कुठे आहे ऑपरेशन?”

“सगळं दादानंच जमवलं. त्यालाच ठाऊक.”

धाकटीचा फोन बंद होता. तिच्या नवऱ्याचाही. दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी डॉक्टरबाई रस्त्यापलीकडच्या दादाच्या तपासणी केंद्रात पोहोचल्या. थोरला भाऊ कापसाचे बोळे डब्यात भरत होता. त्याने सगळ्यांचे रक्त काढले होते, स्वतःचे मात्र कधी दिले नव्हते. विचारले की हसून म्हणायचा, सुई टोचणाऱ्यालाच सुईची भीती. आज तो हसला नाही.

“लेबलं बदलली असतील, मॅडम. होतं कधीकधी.”

“लेबलं बदलली तर दोन वेगळी रक्तं उलट्या नावांनी येतात. हे एकच आहे.”

त्याने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले. “धाकटी स्वतः सांगेल तुम्हाला, तिनं दिलंय म्हणून.”

“तिचा फोन बंद आहे. हॉस्पिटलचं नाव सांगा.”

“तुमचंच पत्र आहे फाइलमध्ये. तुमचीच सही.”

“म्हणूनच विचारतेय.”

“लग्न मोडलं असतं तर तुम्ही नवरा शोधून देणार होता का?”

डॉक्टरबाईंनी फोन काढून समोर धरला. त्याने हॉस्पिटलच्या फोनचे आकडे सांगितले. दहाच्या दहा, कागद न बघता, न अडखळता. रोज पन्नास नंबर लिहून घेणारा माणूस, कदाचित पाठ असेल. डॉक्टरबाईंनी फोन लावला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा त्रेपन्न झाले होते.

“हो, मुलीला आत्ताच आत घेतलं,” स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. “काय सांगायचंय?”

“भुलीचा वायू देऊ नका म्हणावं. फक्त शिरेतून औषध. आणि भूलतज्ज्ञांना लगेच फोनवर बोलवा.”

“काय चाललंय आज? सव्वाआठला पण एकांनी फोन केला होता. लहान मुलांना भूल वायूनं देता की इंजेक्शननं, असं विचारत होते.”

“कोण होते?”

“नाव नाही सांगितलं. मी म्हटलं, फाइलमध्ये पत्र आहे, काळजी नको. तर फोन ठेवला.”

डॉक्टरबाईंनी वर पाहिले. भाऊ टेबलावरच्या नळ्या क्रमाने लावत होता.

“थांबा हं, बघून येते,” असे म्हणून त्या मुलीने रिसीव्हर टेबलावर ठेवला. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला, एक दार उघडून मिटले. त्यानंतर फोनवर फक्त पंख्याची घरघर होती. अकरा वाजून चार मिनिटांपर्यंत रिसीव्हर कोणी उचललेला नव्हता.