सात नंबरच्या पाच नोटा

तिला सगळे लगबग म्हणायचे. कारण ती चालायचीच नाही हो, सदानकदा पळत असायची. हातात चार ताटं, खांद्यावर फडकं, आणि कंबरेने दार ढकलत आत-बाहेर, आत-बाहेर. त्या जेवणघरात लागून तिला त्या दिवशी बरोबर तिसावा दिवस होता. तिसावा! म्हणजे तो दिवस सरळ गेला की ती कायम होणार. आणि नाही गेला, तर थेट आत्याच्या शिलाईच्या दुकानात, परगावी. दिवसभर शर्टाची काजं करायची आणि दिवसभर आत्याची बोलणी खायची. काजं परवडली, बोलणी नकोत, असं ती स्वतःच म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एक दिवसाचा तर प्रश्न. पण लगबगचा घोळ वेगळाच होता. तिचं तोंड! आधीच्या दोन नोकऱ्या तिच्या तोंडानेच घालवल्या होत्या. पहिल्या ठिकाणी एक गिऱ्हाईक ओरडलं, सूप किती गरम आहे! तर ही म्हणाली, थंड हवं असेल तर नळ तिकडे आहे. झालं, दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्या ठिकाणी काय म्हणाली ते ती अजून आईलाही सांगत नाही. म्हणून आईने त्या सकाळी डबा भरता भरता बजावलं होतं, "आज जीभ घरी ठेवून जा. संध्याकाळी येऊन घे परत."

त्या जेवणघराची मालकीणबाई गल्ल्यावर बसायची. कमी बोलायची, पण तिच्या कोपराशी एक लाल वही असायची, तक्रारवही. नियम सरळ होता: पहिल्या महिन्यात वहीत एक जरी तक्रार आली, तरी रामराम. गिऱ्हाइकाने तोंडाने केलेली आरडाओरड बाई मोजायची नाही. वहीत शाईने उमटलं पाहिजे.

आणि दुसरी वस्तू म्हणजे डबा. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वरती फट पाडलेली, कुलूप लावलेलं, आणि झाकणावर एक कागदाची पट्टी, तिच्यावर ओळीने सगळ्यांची नावं. गिऱ्हाईक टेबलावर टिप ठेवून उठलं की ती थेट डब्यात. खिशात नाही, मुठीत नाही, दोन मिनिटं ॲप्रनमध्येही नाही. डबा उघडायचा शनिवारी, सगळ्यांच्या समोर, आणि वाटे सगळ्यांना, भांडीवाल्या मावशींनासुद्धा. कायम झालेल्यांचंच नाव पट्टीवर. लगबगचं अर्थातच नव्हतं.

तात्या म्हणजे तिथला सगळ्यात जुना वाढपी. केस पांढरे, पाठ ताठ, डब्याची चावी गळ्यात. त्यानेच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. "पोरी, टेबलाकडे बघत बसू नकोस. कान ठेव. दोन खुर्च्या सरकल्या की समजायचं, माणसं उठली. लगेच हात चालू. बशा, पेले, टिप. बशा मोरीत, टिप डब्यात, फडकं फिरव, पुढची माणसं बसव. डोकं मध्ये आणायचं नाही." पैसे गिऱ्हाईक जाताना गल्ल्यावर द्यायचं, त्यामुळे टेबलाजवळ रेंगाळायचं कारणच नव्हतं. आणि तीस दिवसांत ते लगबगच्या हातात इतकं बसलं होतं, इतकं, की घरी भाऊ जेवून खुर्ची सरकवायचा तर ही त्याच्यासमोरचं ताट उचलायची. तोंडात घास असला तरी!

तर त्या दुपारी, ऐन गर्दीत, बाहेर दाराशी पाच-सहा माणसं ताटकळत उभी, आणि सात नंबरला एक गृहस्थ येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशाला पेन. सोबत बायको. बायको अगदी गप्प. लगबग पाणी घेऊन गेली तर गृहस्थांनी खिशातून पाच नोटा काढल्या. करकरीत, मोठ्या. सगळ्या टेबलावर ठेवल्या आणि वरती मिठाची बाटली ठेवली.

"ही तुझी टिप," ते म्हणाले. "पाचही तुझ्या. पण एक चूक, एक नोट परत. कळलं?"

लगबगने मान हलवली. जीभ घरी होती ना!

मान हलवली आणि पेला ठेवताना एक थेंब सांडला. एकच! कपड्यावर नाही, टेबलावर. गृहस्थांनी त्या थेंबाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि इतक्या सावकाश बाटली उचलली, एक नोट काढली, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात टाकली.

"चार," ते म्हणाले.

लगबग आत आली ती लालेलाल. ताटं द्यायच्या खिडकीतून मावशींनी सगळं बघितलं होतं. कोपरापर्यंत फेस, आणि मान लांब करून उभ्या.

"काय ग, हा माणूस जेवायला आलाय की परीक्षा घ्यायला?"

"मावशी, बोलायला लावू नका मला."

"बोलू नकोसच. आजचा दिवस फक्त. दात आवळ."

तात्या भाताची ताटं उचलता उचलता म्हणाला, "टिप जेवण झाल्यावर ठेवतात. जेवणाआधी ठेवली ना, की माणूस पैसे देत नसतो, गंमत विकत घेत असतो. तू नोटांकडे बघूच नकोस. नाहीतर पाय अडकतील."

पण बघू नको म्हटल्यावर तिकडेच जातात ना डोळे! सूप घेऊन गेली तर गृहस्थ मनगट पुढे करून बसलेले. "पाच मिनिटं म्हणाली होतीस. सहा झाली." बाटली वर, नोट बाहेर, चार घड्या, खिसा. "तीन." शेजारच्या टेबलावरची दोन माणसं आता उघड उघड बघत होती. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. बायको सुपात चमचा फिरवत होती, फिरवतच होती, खात नव्हती.

मासा नेला. भाजलेला, वर लिंबाची फोड. सगळं जागच्या जागी, एक शिंतोडा नाही, ताटाची कड पुसलेली. लगबगला वाटलं, सुटले. वळली.

"थांब. हसली नाहीस."

"काय साहेब?"

"ताट ठेवताना हसायचं असतं. तोंड बघ तुझं, जसं काही मी फुकट जेवतोय." आणि पुन्हा बाटली. पुन्हा त्या चार घड्या. "दोन."

अरे, त्या क्षणी तिच्या तोंडात जे आलं होतं ना! एकदम दाताच्या मागे येऊन उभं होतं. खिडकीतून मावशी हातवारे करत होत्या, गिळ, गिळ! तिने गिळलं. आणि हसली. म्हणजे ओठ ताणले. गृहस्थ म्हणाले, "उशीर झाला." आणि मासा खायला लागले.

मग गर्दी आणखी चढली. तीन नंबरला पोरांनी सरबत सांडलं, पाच नंबरला हिशेब चुकला म्हणून तात्या अडकला, दाराशी माणसं कुरकुरायला लागली. लगबग सहा नंबरला ताटं लावत होती, पाठ सातकडे. आणि मागे एक खुर्ची सरकली. लगेच दुसरी.

डोकं मध्ये आणायचं नाही!

हात वळले. बशा एकात एक, पेले बोटांत, मिठाची बाटली बाजूला, दोन नोटा चिमटीत, फडकं गरकन. दाराशी उभ्या माणसांना मान हलवून "बसा" म्हणाली, आत शिरता शिरता नोटा फटीतून आत ढकलल्या आणि बशा मोरीत ठेवल्या. सगळं मिळून वीस सेकंद.

एकविसाव्या सेकंदाला मावशी म्हणाल्या, "अग, या बशीत मासा अर्धा आहे."

लगबगने बशीकडे बघितलं, मग डब्याच्या फटीकडे.

झालं काय होतं, की गृहस्थांचा फोन वाजला म्हणून ते बाहेर बोलायला गेले होते. आणि बायको हात धुवायला उठली होती. बस! जेवण बाकी होतं. आणि आता त्यांच्या जागेवर दुसरीच दोन माणसं बसून काय मागवायचं ते बघत होती.

"माझे पैसे कुठे आहेत?"

सगळ्यांच्या माना सात नंबरकडे वळल्या. गृहस्थ टेबलाशी उभे, फोन हातात. लगबग बाहेर आली. खोटं बोलायचं सुचलंच नाही तिला, वेळच नव्हता.

"साहेब, चुकलं माझं. तुम्ही उठलात असं वाटलं. डब्यात टाकले."

"डब्यात? माझ्या पाच नोटा तू उचलून डब्यात टाकल्यास?"

"दोन," लगबग म्हणाली.

"पाच!" ते शेजारच्या टेबलाकडे वळले. "तुम्ही बघितल्यात ना, पाच ठेवल्या होत्या मी?"

शेजारचा माणूस गडबडला. "हो, म्हणजे... सुरुवातीला पाच होत्या खऱ्या..."

"ऐकलंत? दोन डब्यात आणि तीन हिच्या खिशात! वही आणा. असते ना इथे वही?"

मालकीणबाईने लाल वही गल्ल्यावर पुढे सरकवली. गृहस्थांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. लगबगला काजं दिसायला लागली. ओळीने, पांढऱ्या शर्टांवर, आणि शेजारी आत्या.

आता ती ओरडली असती तर संपलंच असतं. पण जीभ घरी ठेवायची आईची ताकीद आणि तोंडात आलेलं सगळं, यांच्या मधून तिच्या तोंडून निघालं काय, तर ती रोज खिडकीशी उभी राहून आचाऱ्याला ज्या आवाजात ऑर्डर सांगायची ना, तो आवाज. सपाट, खणखणीत, न अडखळता. ती कधीच लिहून घ्यायची नाही. बारा टेबलांचं तोंडपाठ असायचं.

"सात नंबर," ती म्हणाली. "एक पाण्याचा थेंब, साहेबांच्या डाव्या हाताला. एक नोट, चार घड्या, वरचा खिसा. एक सूप, एक मिनिट उशिरा. एक नोट, चार घड्या, वरचा खिसा. एक मासा बरोबर, हसू कमी. एक नोट, चार घड्या, वरचा खिसा. बाकी दोन. एवढंच."

कुणीतरी खुसकन हसलं. शेजारचा माणूस म्हणाला, "अहो बरोबर, बरोबर, मी बघत होतो!" गृहस्थांचे कान लाल झाले. पण ते वाकले आणि लिहायलाच लागले. पेनाचा आवाज ऐकू येत होता. *टेबलावरचे पैसे न विचारता उचलले.* लिहिलं, खाली सही ठोकली.

शाईने उमटलं. संपलं.

तेवढ्यात बायको आली. हात ओलेच होते. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने नवऱ्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, जसं पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसं, आणि सहीच्या खाली तिने एक ओळ लिहिली. वही फिरवून बाईसमोर ठेवली.

मालकीणबाईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "तीन नोटा यांच्या वरच्या खिशात आहेत. मी पण मोजत होते."

"काय चाललंय तुझं?" गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले.

"मला भूक लागली होती," ती म्हणाली. "नीट जेवू दिलं नाहीत." आणि दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिली.

बाईने तात्याकडे बघितलं. तात्याने गळ्यातली चावी काढली. शनिवार नसताना डबा उघडला जात होता, असं तिथे कधी झालं नव्हतं. कुलूप गंजलेलं, झाकण घट्ट, तात्याने जोर लावला तशी वरची पट्टी टरकन फाटली. वरच होत्या दोन्ही नोटा, मिठाचे कण चिकटलेल्या. लगबगने त्या घेतल्या, मीठ झटकलं आणि गृहस्थांसमोर ठेवल्या.

"पाच झाल्या साहेब. टेबल आधी आवरलं, ती चूक खरी माझी."

त्यांनी नोटा उचलल्या. अर्ध्या जेवणाचे पैसे बाईने घेतले नाहीत. ते गेले.

आणि मग सगळ्यांचे डोळे वहीवर. तक्रार तर आली होती. नियम म्हणजे नियम. बाईने पान पुन्हा वाचलं, एकदा वरची ओळ, एकदा खालची.

"न विचारता उचललेस?"

"हो बाई."

"का?"

"खुर्च्या सरकल्या."

आतून मावशी फस्सकन हसल्या. तात्या खोकला. "बाई, माझ्या पहिल्या महिन्यात मी एकाचा चष्मा डब्यात टाकायला निघालो होतो. फटीत जाईना म्हणून वाचलो."

बाई हसली नाही. तिने वही मिटली आणि कोपराशी ठेवली. "एकाच टेबलाची दोन म्हणणी असली तर ती तक्रार होत नाही. ते घरचं भांडण होतं. ते मी मोजत नाही." मग गल्ल्याच्या खणातून तिने कागदाची एक कोरी पट्टी काढली आणि लगबगकडे दिली. "डब्याची पट्टी फाटली. नवी लिही. सगळ्यांची."

लगबग उभ्या उभ्याच लिहायला लागली. तात्या, मावशी, आचारी काका, सगळी नावं ओळीने. अक्षरही बरं आलं. शेवटचं नाव झालं आणि ती थांबली. खाली बोटभर जागा उरली होती.

"जागा वाया घालवू नकोस," बाई नोटा मोजत म्हणाली, वर न बघता. "कागद महाग झालाय."

आणि तिने पेन टेकवलं न टेकवलं, तोच मागे चार नंबरला खुर्ची सरकली. लगबग वळलीच!

"थांब!" खिडकीतून मावशी ओरडल्या. "आधी बशीत बघ!"