सातव्या रांगेचा सौदा

जुलै संपत आला की आमच्या गावातल्या प्रत्येकाला आपणच हेरन्सचे मालक आहोत असं वाटायला लागतं. हेरन्स म्हणजे बगळे, आमचा बेसबॉलचा संघ. खेळाडूंची अदलाबदल महिनाअखेरीपर्यंतच करता येते, मग दार बंद. म्हणून त्या रविवारी दुपारी मैदानाच्या सातव्या रांगेत आमची तिघांची जुंपली होती: ओटिस, डेलबर्ट आणि मांडीवर वही घेऊन दोघांच्या मध्ये बसलेली मी, वर्ना.

"चेंडू फेकायला डावखुरा पिचर पाहिजे आपल्याला," ओटिस म्हणाला. त्याने तीस वर्षं घरोघर टपाल वाटलंय, त्यामुळे अजूनही तो दारात उभा राहून बोलल्यासारखा बोलतो. "शेवटच्या दोन डावांत आपण मार खातो. रोलीला देऊन टाका आणि आणा एखादा."

"रोलीला? डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. "सहा वर्षं पहिल्या बेसवर उभा आहे तो!"

"उभाच आहे," डेलबर्ट म्हणाला. "पळतो कुठे?"

"तू बोलू नकोस," मी त्याला म्हणाले. "तुझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक कडी मागितली तर चार दिवस लागायचे."

"वर्ना, तुला कोण आवडतं ते सोड," डेलबर्ट म्हणाला. "संघाला काय कमी पडतंय ते बघायचं असतं."

हे तो दर जुलैमध्ये ऐकवतो आणि दर जुलैमध्ये माझा पारा चढतो. मला आपली माणसं जिथल्या तिथे लागतात. एकतीस मोसम मी गावातला एकही सामना चुकवलेला नाही, आणि प्रत्येकातला प्रत्येक फटका माझ्या वह्यांमध्ये आहे. कोणी कधी काय केलं यावर पैज लागली की लोक माझ्या घरी येतात. कपाट उघडायचं, वही काढायची, बोट ठेवून दाखवायचं. शाळेची बस चालवून जन्म काढला, पण मान मिळाला तो वहीमुळे.

आणि वसंतापासून मला चेंडू दिसत नव्हता.

नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसलाय. डॉक्टर म्हणाले, हा आता जायचा नाही. वही जवळ धरली की कडेकडेने दिसते, पण दुसऱ्या बेसपलीकडे सगळं धुकं. मी लोकांच्या ओरडण्यावरून लिहीत होते, ओटिसची मान कुठे वळते त्यावरून लिहीत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे एकदम गोड बोलले असते, "राहू दे वर्ना, आता नुसता खेळ बघ." तो गोडवा मला सोसला नसता. वही गेल्यावर मी सातव्या रांगेत बसून काय करायचं?

त्यात मागे आठव्या रांगेत वेन्डेल. या माणसाला गप्प बसण्याचा आजार नाही. डोळ्यांसमोर जे घडतं ते तो मोठमोठ्याने सांगत असतो, "उचलला, फेकला, बाद!" त्याची रांगही त्याला विटली होती. त्या दिवशीही दुसऱ्याच डावात मी सवयीने मागे वळून ओरडले, "वेन्डेल, आम्हाला डोळे आहेत!" सगळे हसले. मी पुढे वळले आणि पुन्हा धुक्यात बघत बसले.

पाचव्या डावानंतर डेलबर्ट उठला आणि त्याने टोपी हातात घेतली.

"मीही एक सौदा केलाय," तो म्हणाला. "आठव्या रांगेशी. वेन्डेल इकडे येणार, मी तिकडे जाणार. वर त्यांच्याकडून भुईमुगाच्या शेंगांची एक पिशवी."

आठव्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं चेष्टा आहे, पण वेन्डेल खरंच आपली उशी उचलून पायऱ्या उतरत होता.

"एकोणीस वर्षं तुझ्या कोपराचे धक्के खाल्ले मी," मी डेलबर्टला म्हणाले, "आणि तू मला शेंगांवर विकतोस?"

"विकलं मला. तू आहेस तिथेच आहेस."

"ओटिस, तू काही बोलत का नाहीस?"

ओटिस चष्मा पुसत होता. "सह्या झाल्या," तो म्हणाला. "आता मुदत संपली."

मी भयंकर चिडले होते. वेन्डेल शेजारी टेकला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सहाव्या डावात बॅटचा आवाज आला, लोक ओरडले, आणि मी नेहमीप्रमाणे ओटिसच्या मानेकडे वळले. तेवढ्यात कानाशी हळूच शब्द आले.

"जमिनीवरून. सहा, चार, तीन. दोघं बाद."

माझ्या हाताने ते लिहूनही टाकलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला वहीत एक आकडा असतो. चेंडू सहाने उचलून चारकडे दिला, चारने तीनकडे. तीन म्हणजे आमचा रोली. पण आकड्यांत कोणी बोलत नाही. आठव्या रांगेत वेन्डेल कधी आकड्यांत बोलला नव्हता. आकडे लागतात ते लिहिणाऱ्यालाच.

पुढचा फटका. "उंच. आठने झेलला."

तेव्हा मला मागचा रविवार आठवला. झेल आठचा होता हे लोकांच्या बोलण्यातून कळेपर्यंत मी सात लिहून बसले होते. डेलबर्टची नजर वहीवर होती. मी वाट पाहिली, आता हा बोलणार. त्याने नुसती माझ्यापुढे शेंगांची पिशवी धरली होती.

ज्यांना मी तीन महिने फसवत होते, ते मला सांभाळून घेत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

आमची पाळी आली आणि रोली दुसऱ्या बेसवर पोचला, तेव्हा मी मागे वळले. तिथे शेंगा सोलण्याचा आवाज येत होता.

"डेलबर्ट," मी म्हणाले, "या सौद्यात तुझं नुकसान झालं."

"छे गं, इथे सावली आहे. आणि पाय पसरता येतात."

तेवढ्यात बॅट कडाडली आणि सगळं मैदान उभं राहिलं. वेन्डेल गप्प होता. मी बोलतेय म्हणून थांबला असेल.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुला डोळे आहेत ना?" तो म्हणाला. चेष्टेनेच, पण फक्त मला ऐकू येईल एवढ्या हळू.

"नाहीत," मी म्हणाले. दोन्ही रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "लवकर सांग, वही खोळंबलीय."

वेन्डेलने छाती भरून श्वास घेतला. "नऊच्या पुढ्यात पडला! दुसऱ्या बेसवरून रोली घरच्या बेसवर आला! पळत!"

"पळत?" मागून डेलबर्ट ओरडला. "रोली?"

"पळत," मी म्हणाले, आणि तसंच लिहिलं.