रांजणात काय होतं

चासिब आणि मी झाडावर चढायला एकाच दोराने शिकलो. दोर त्याच्या बापाचा. कमरेमागून खोडाभोवती फिरवायचा, पाय रोवायचे आणि हिसका देत वर सरकायचं. तेव्हा बसऱ्याजवळच्या आमच्या अबू अल खसीब गावात खजुरींची इतकी दाटी होती की दुपारी एका कालव्यापासून दुसऱ्या कालव्यापर्यंत चालत गेलं तरी डोक्याला ऊन लागत नसे. भरतीला नदीचं पाणी आपणहून बागेत यायचं, झाडांना पाजायचं आणि ओहोटीला निघून जायचं. वसंतात आम्ही नराचे तुरे मादीच्या तुऱ्यांत बांधत फिरायचो. पांढरी भुकटी केसांवर बसायची आणि आम्ही विशीतले दोघे म्हातारे होऊन खाली उतरायचो. बायका हसायच्या.

तिशीत सरकारने मोठ्या माणसांना शाळेची सक्ती केली, तेव्हाही आम्ही एकाच बाकावर. गुरुजी आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. चासिबला अक्षरं लवकर आली. मी त्याच्या पाटीवर बघून लिहायचो.

त्याचा थोरला रियाद. त्याला चढायला मी शिकवलं. बापाचा धीर होत नव्हता.

मग इराणशी आठ वर्षं लढाई झाली. तोफांनी आमच्या खजुरींची डोकी उडवली. उरलेल्या झाडांच्या जोरावर आम्ही दोघांनी मिळून मदबसा चालवला. मदबसा म्हणजे जाड भिंतींची खोली. तिच्यात खजुराच्या करंड्या एकावर एक रचायच्या. उन्हाळ्यात वजनाने आणि उष्म्याने काकवी झिरपते, जमिनीतल्या खाचांमधून वाहत जाते आणि शेवटी भिंतीबाहेर बागेत पुरलेल्या रांजणांत पडते. रांजण भरला की त्याचं तोंड मातीने लिंपायचं. चाळीस दिवस तो उघडायचा नाही, परक्याला दाखवायचाही नाही. दाखवला की नजर लागते, काकवी आंबते, असं माझी आई सांगायची, आणि तिच्या आईनेही तेच सांगितलेलं. कोणी विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं. सगळ्या गावाचा तोच शिरस्ता.

कुवेतची लढाई संपल्यावर बसऱ्यात बंड झालं आणि मोडलं. त्याच आठवड्यात सरकारच्या माणसांनी रियादला घरातून उचलून नेलं. एकोणीस वर्षांचा होता. कुठे नेलं, कोणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. चासिबची बायको दर गुरुवारी त्याचा सदरा धुवून वाळत घालायची. सदऱ्याचा रंग गेला, मग तीही गेली.

रियादला नेल्यानंतर बारा वर्षांनी परदेशातून शस्त्रं शोधणारे आले. पांढऱ्या गाड्या, निळ्या टोप्या, एक दुभाषी. आभाळातून काढलेल्या फोटोत आमच्या बागेत पुरलेल्या टाक्यांसारखं काही दिसलं होतं म्हणे. दुभाष्याने मला विचारलं, "आजोबा, जमिनीखाली काय आहे?"

मी म्हणालो, "काही नाही."

रांजण लिंपून नऊच दिवस झाले होते. मी दुसरं काय म्हणणार?

त्यांनी खणलं. सात रांजण निघाले. हातमोजे घालून त्यांनी लिंपण फोडलं, बाटल्यांमध्ये काकवी भरून घेतली आणि खूप काही लिहिलं. चासिब कालव्याच्या बांधावर बसून हसत होता. "लफ्ता," तो मला हाक मारून म्हणाला, "जगातला सगळ्यात गोड बॉम्ब तुझा!"

वसंतात परक्या फौजा शिरल्या, लढाई सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मदबशावर बॉम्ब पडला. आत कोणी नव्हतं. माझा एक कान गेला, भिंती गेल्या, आणि काकवी कालव्यात उतरून पाणी दोन दिवस काळं वाहिलं. बॉम्ब माझ्या 'काही नाही'मुळे पडला की चुकून, ते मला आजही माहीत नाही.

चासिबला त्याचं काही वाटलं नाही. रियादला उचलून नेणाऱ्या सरकारचा धनी, 'तो', गेला, एवढंच त्याला दिसत होतं. वाळवंटात सामूहिक थडगी उघडू लागली तशी तो फावडं घेऊन एकेका जागी जायचा. हाडांशेजारच्या पिशव्यांमधली कागदपत्रं वाचायचा. तेवढ्यासाठीच अक्षरं शिकलो, असं म्हणायचा.

पुढच्या वर्षी बातमी आली की शस्त्रं नव्हतीच. मी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर चासिबला गाठलं. आमच्यात बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात.

"काय अबू रियाद, कुठे आहेत शस्त्रं? देश जाळला आणि सापडली काय, माझी काकवी?"

"शस्त्रं असोत नाही तर नसोत," तो म्हणाला. "चहाची किटली शोधायला येतो म्हणाले असते तरी मी दार उघडलं असतं."

"खोटं बोलून घरात शिरलेल्याला तू पाहुणा म्हणतोस?"

"खरं बोलणारा कोणी आला होता का बारा वर्षांत?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "शस्त्रं शोधायला आले, ती सापडली नाहीत. तू पोराला शोधतोस, तोही सापडला नाही. मग एवढ्या मढ्यांवर आपल्याला मिळालं काय?"

त्याने पेला ठेवला आणि उठून गेला. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही एकाच कालव्याच्या दोन काठांनी ये-जा केली. सणाला नाही, मयताला नाही. चढण्यासारखी झाडंही आता फारशी उरली नव्हती. नदीला समुद्राचं खारं पाणी चढलं आणि खजुरी उभ्या वाळल्या.

आणि मग माझ्या नातवाने, कर्रारने, घरात सांगितलं की लग्न करीन तर तबारकशी. तबारक म्हणजे चासिबच्या धाकट्याची, मुआयदची मुलगी. मुलीचा होकार होता, मुआयदचाही होता. "पण शब्द आजोबांचा," मुआयदने निरोप दिला, "आणि मागायला अबू नजाह स्वतः आले पाहिजेत." अबू नजाह म्हणजे नजाहचा बाप, मी.

आम्ही अकराजण गेलो. पुढे सय्यद नूरी, गावातले वडीलधारे. चासिब भिंतीला टेकून बसला होता. इतका वाळला होता की मी आधी त्याच्या शेजारच्याकडेच बघितलं. कडू कॉफीची वाटी माझ्या हातात आली. आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस वाटी न पिता जमिनीवर ठेवतो. मागणं ऐकून घेऊन यजमान 'पी' म्हणाला की मागणं मान्य. न पिता उठावं लागलं तर दोन्ही घरांची लाज. मी वाटी ठेवली.

"कॉफी घ्या, अबू नजाह," चासिब परक्याशी बोलावं तसं म्हणाला. "गार होतेय."

"आमचं मागणं आहे. तबारक आम्हाला द्या."

"द्यायचं नंतर बघू. आधी सांगा, लढाई बरोबर होती की चूक?"

सय्यद नूरी घाईने म्हणाले, "हाज्जी, लग्नाच्या बैठकीत लढाई कशाला? पोरांना पुढे बघू द्या."

"सय्यद, मी यांना विचारलं."

कर्रारचा चेहरा माझ्या डाव्या बाजूला होता. मी तिकडे बघितलं नाही. खोटं एकच वाक्य होतं. बोललो असतो तर काम झालं असतं.

"चूक होती," मी म्हणालो. "तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो."

आमच्यातल्या कोणीतरी हळूच खाकरलं.

"पण चहाच्या दुकानात रियादबद्दल बोललो ते त्याहून चूक होतं. ते बोलायला मला कोणी विमान घेऊन भाग पाडलं नव्हतं. त्याची माफी मागायला मला पंधरा वर्षं लागली. अकराजण साक्षीला आहेत."

चासिब वाटीकडे बघत राहिला. "तू गोड बोलून 'बरोबर होती' म्हणाला असतास, तर मी तुला हाकललं असतं," तो म्हणाला. "पोरीसाठी खोटं बोलणारा आजेसासरा नको मला."

"मग पिऊ?"

"थांब की, मेल्या! घाई काय तुला? या घरात माझ्याशिवाय रियादला झाडावर बघितलेला एक माणूस उरला नाही. तो चढायला शिकला तेव्हा मुआयद रांगत होता. सांग यांना."

मी सांगितलं. रियाद दोराला हिसका द्यायच्या आधी खोडाला कान लावायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, आत कोणी आहे का बघतो. उतरताना बरही खजुराचा पिवळाधमक घड दातांत धरून यायचा, म्हणून त्याच्या सगळ्या सदऱ्यांवर चिकाचे डाग. मला तो अम्मू, म्हणजे काका म्हणायचा. एकदा वरून ओरडला होता, "अम्मू, इथून समुद्र दिसतो!" समुद्र दिसणं शक्यच नव्हतं. मी वर चढून बघितलं. दिसला नाही. "दिसतो रे," असं मीच त्याला म्हणालो होतो.

चासिब ऐकत होता. मध्येच म्हणाला, "डाव्या पायाने चढायला सुरुवात करायचा."

"डाव्यानेच. मी किती ओरडलो त्याच्यावर."

"पी," चासिब म्हणाला.

मी प्यायलो. पार गार झाली होती. सय्यद नूरींनी हात पसरले आणि आम्ही सगळ्यांनी लग्नाचा फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हटला. हात चेहऱ्यावरून फिरवले. मुआयद आतल्या पडद्याकडे बघून खूण करणार, तेवढ्यात चासिबने त्याचा हात धरला.

"अजून एक म्हणायचा," तो म्हणाला.

कोणासाठी, असं कोणी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्याने घरात रियादच्या नावाने, मेलेल्यासाठी म्हणतात तसा, फातिहा म्हणू दिला नव्हता. हाडं मिळाल्याशिवाय म्हणजे मुलाला आपल्याच हाताने पुरणं, असं तो म्हणायचा. आता त्याने तळवे पसरले आणि आम्ही पुन्हा म्हटला, सगळ्यांनी, हळूहळू.

पडद्याआड बायकांना दुसरा फातिहा कसला ते कळलं नव्हतं. आवाज थांबताच त्यांनी लग्नाच्या किलकाऱ्या सुरू केल्या, जिभा हलवत, एकीवर एक. बिनलग्नाचा पोरगा गेला की त्याच्या जनाज्यातही आमच्या बायका अशाच किलकाऱ्या करतात, त्याचं राहून गेलेलं लग्न म्हणून. सय्यद नूरी त्यांना गप्प करायला उठू लागले.

"करू द्या," चासिब म्हणाला.